पाण आणि पान : 'ण' या वर्णाचा इतिहास आणि हरसूलची बोली

पंचशीलातील पहिल्या शीलाचा आरंभ 'पाण' या शब्दाने होतो. पालि 'पाण' म्हणजे संस्कृत 'प्राण', अर्थात सजीव, जीवधारी. याच भाषेत 'पान' असाही एक शब्द असून त्याचा अर्थ 'पिणे' किंवा 'पेय' असा आहे. दोहोंत भेद केवळ एका वर्णाचा. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरात सीमेकडील डोंगराळ पट्ट्यात हरसूल हे गाव आहे. त्याच्या भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली आदी समाजांची वस्ती आहे. येथील बोलण्यात 'पाणी' ऐवजी 'पानी', 'कोण' ऐवजी 'कोन' असे उच्चार सर्रास ऐकू येतात. अशा घरातील मूल जेव्हा पंचशील म्हणू लागते किंवा पालिचे पहिले पाठ घेऊ लागते, तेव्हा त्याच्या तोंडी 'पाण' चे 'पान' होणे स्वाभाविक असते. त्यावर 'शुद्ध बोल' असे त्यास बजावले जाते, आणि पुष्कळदा हसलेही जाते.

हा उच्चार अशुद्ध आहे काय? असल्यास तो कोणत्या मापाने अशुद्ध ठरतो, आणि ते माप कधी व कोणी तयार केले? या प्रश्नांची उत्तरे आजच्या शिष्टाचारात शोधून मिळणार नाहीत. त्यासाठी अशोकाचे शिलालेख, पालि वाङ्मय, सह्याद्रीतील लेणी आणि प्राकृत व्याकरणे यांची साक्ष काढावी लागते. प्रस्तुत लेखात ती संक्षेपाने काढली आहे.

वर्णाचे स्थान

'ण' हा मूर्धन्य अनुनासिक होय. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला टेकवावे आणि श्वास नाकावाटे सोडावा, म्हणजे हा ध्वनी निघतो. 'न' उच्चारताना जीभ दातांच्या मागे टेकते. जिभेच्या टोकाने किती मागे जायचे, एवढाच काय तो दोहोंतील फरक.

जगातील बहुसंख्य भाषांना 'न' ठाऊक आहे. 'ण' मात्र थोड्यांनाच. भारतात तमिळ, मलयाळम, कन्नड या द्राविड भाषांत तो आहे. मराठी, कोंकणी, गुजराती, राजस्थानी, पंजाबी, सिंधी आणि ओडिया या भाषांत आहे. हिंदीत तो मुख्यतः संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांपुरता उरला आहे. बंगाली आणि असमिया यांच्या लिपींत त्याचे अक्षर आहे, परंतु उच्चार 'न' असाच होतो. बंगाली विद्यार्थ्यास दोन अक्षरे ओळखण्यासाठी 'मूर्धन्य' आणि 'दंत्य' अशी त्यांची नावेच घ्यावी लागतात, कारण कानाला दोन्ही सारखीच. भारताबाहेर पश्तो भाषेत हा ध्वनी आहे. ऑस्ट्रेलियातील वार्लपिरीसारख्या आदिवासी भाषांत तो ठळकपणे आढळतो. आश्चर्य असे की स्वीडिश आणि नॉर्वेजियन या उत्तर युरोपातील भाषांतही तो निर्माण झाला. तेथे 'मूल' या अर्थाचा 'बार्न' हा शब्द बोलताना 'र' आणि 'न' एकमेकांत मिसळतात आणि ऐकू येतो तो 'ण' सारखा ध्वनी. पाणिनीने संस्कृतासाठी जो नियम सांगितला, की एकाच पदात ऋ, र किंवा ष यांच्यामागून येणाऱ्या 'न' चा 'ण' होतो, त्याच नियमाचे हे दूरदेशीचे नातलग म्हणावे लागेल.

यावरून एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावी. 'ण' असणे हे भाषेच्या उच्चपणाचे लक्षण नव्हे आणि नसणे हे हीनपणाचे नव्हे. तो जिभेच्या सवयीचा आणि शेजारपाजारच्या भाषांच्या सहवासाचा भाग आहे.

अशोकाच्या शिलालेखांतील दोन लेखनपद्धती

भारतात वाचता येतील असे सर्वांत जुने विस्तृत लेख सम्राट अशोकाचे आहेत. ते इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील होत. यांतील चौदा शिलालेख एकाच आशयाचे असून देशाच्या निरनिराळ्या टोकांना कोरले गेले; म्हणून एकच वाक्य वेगवेगळ्या प्रदेशांत कसे लिहिले गेले हे त्यांत शेजारीशेजारी ठेवून पाहता येते. भाषेच्या अभ्यासकास याहून मोठी देणगी ती कोणती?

सौराष्ट्रातील गिरनारच्या शिलेवर 'ण' आणि 'न' हे दोन्ही वर्ण वेगवेगळे कोरलेले आहेत. तेथे 'समण', 'ब्राह्मण', 'प्राण' असे शब्द 'ण' नेच येतात. याउलट उत्तरेतील कालसी आणि ओडिशातील धौली व जौगड येथील लेखांत 'ण' जवळजवळ नाहीच. तेथे 'समन' आहे, 'बाभन' आहे. आणि 'राजा' च्या जागी 'लाजा' आहे. ही पूर्वेकडील भाषा, आणि तीच मगधाच्या राजदरबाराची भाषा होय असे अभ्यासक मानतात.

आता पहिल्या शिलालेखाचा विषय स्मरावा. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज असंख्य जीव मारले जात, ते आता अगदी थोड्यांवर आणले असून पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे अशोक त्यात सांगतो. प्राणिहिंसेविरुद्ध निघालेली ही राजाज्ञा. गिरनार येथे तिच्यात 'प्राण' असा शब्द आहे. पूर्वेकडील पाठात, म्हणजे राजधानीच्या भाषेत, त्याच जागी 'पान' असा शब्द कोरलेला आहे. हरसूलच्या मुलाच्या ज्या उच्चारास आपण अशुद्ध म्हणतो, तो या अर्थाने प्रत्यक्ष सम्राटाच्या आज्ञापत्रातला उच्चार आहे. 'पान' म्हटल्याने जीवदयेचा अर्थ कोठे हरवला नाही. लक्षावधी जीव वाचवणारी आज्ञा त्याच शब्दाने दिली गेली.

आजच्या नकाशाकडे पाहिले तर ही विभागणी बऱ्याच अंशी अद्याप टिकून आहे असे दिसते. पश्चिमेस पंजाबी, राजस्थानी, गुजराती, मराठी 'पाणी' म्हणतात. गंगेच्या खोऱ्यात 'पानी' म्हणतात. ओडियाचा मात्र अपवाद आहे. ओडिया माणूस आजही 'पाणि' म्हणतो, तर धौलीची शिळा 'न' लिहिते. यावरून धौलीच्या लेखाची भाषा स्थानिक नसून दरबारातून आलेली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. म्हणजे त्या काळी दरबारी, प्रतिष्ठित उच्चार 'न' चा होता, आणि 'ण' हा प्रांतोप्रांतीच्या लोकांचा. आजची प्रतिष्ठा नेमकी उलट आहे!

पालितील 'ण'

तथागतांनी मगध आणि कोसल या प्रदेशांत उपदेश केला. परंतु तिपिटकाची जी पालि आपल्या हाती आहे, तिचे रूप पुष्कळसे पश्चिमेकडील आहे. पूर्वेकडील बोलीच्या खुणा तिच्यात अधूनमधून शिल्लक आहेत. म्हणूनच पालि 'ण' आणि 'न' यांचा भेद पाळते. 'वण' म्हणजे जखम, 'वन' म्हणजे अरण्य. 'पाणि' म्हणजे हात, 'पानीय' म्हणजे पाणी. धम्मपदाच्या पापवग्गात एक दृष्टांत आहे: हाताला जखम नसेल तर त्या हाताने विष उचलता येते, कारण जखम नसलेल्या हातात विष भिनत नाही. त्या गाथेत हातासाठी 'पाणि' आणि जखमेसाठी 'वण' असे दोन्ही शब्द 'ण' युक्त आहेत. पुढे मग्गवग्गात तृष्णारूपी अरण्य तोडण्याचा उपदेश आहे, तेथे 'वन' आहे. हा भेद डोळ्यांसमोर असणे पालि वाचकास उपयोगी पडते, यात शंका नाही.

तथापि पालिचा 'ण' संस्कृताच्या 'ण' ची नक्कल नव्हे. संस्कृत 'निर्वाण' मध्ये 'र' मुळे 'न' चा 'ण' झाला. पालित तो 'र' पुढील व्यंजनात विरून 'ब्ब' झाला. 'ण' होण्याचे कारणच उरले नाही, म्हणून शब्द 'निब्बान' असा आहे. संस्कृत 'धर्मेण', पालि 'धम्मेन'. उलट संस्कृत 'ज्ञान' मध्ये 'न' आहे, तर पालि 'ञाण' मध्ये 'ण'. आपल्याकडील लेखनात 'निब्बाण' असे रूप अनेकदा छापलेले आढळते. संस्कृत 'निर्वाण' शब्दाची सवय आणि मराठी माणसाच्या जिभेचा 'ण' कडे असलेला ओढा, या दोहोंचा हा परिणाम असावा. हरसूलच्या मुलाने 'पाण' चे 'पान' केले तर ती चूक, आणि सुशिक्षित लेखकाने 'निब्बान' चे 'निब्बाण' केले तर ती शैली, असा दुजाभाव करणे न्यायाचे ठरणार नाही.

लेण्यांच्या भिंतीवर

नाशिक शहराच्या दक्षिणेस मुंबई मार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर २४ लेण्यांचा समूह आहे. त्यातील एका लहान विहारात सातवाहन कुळातील कण्ह, म्हणजे कृष्ण, राजाच्या काळचा लेख आहे. तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. लेख अगदी छोटा आहे. नाशिकच्या महामात्राने हे लेणे करविले, एवढाच त्याचा आशय. त्यात 'समण' असा एक शब्द आहे. काही अभ्यासक ते महामात्राचे नाव मानतात, काही त्यावरून 'श्रमणांसाठी नेमलेला अधिकारी' असा अर्थ घेतात. या लेखात 'नासिक' चा 'न' आहे, आणि 'समण' व 'लेण' यांचा 'ण' आहे. दोन्ही वर्ण शेजारीशेजारी.

येथे लिपीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ब्राह्मी लिपीत 'न' म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी एक आडवी रेघ. तीच आकृती घेऊन उभ्या रेघेच्या माथ्यावर आणखी एक आडवी रेघ ओढली, की 'ण' होतो. छिन्नीचा एक घाव अधिक, एवढाच दोहोंत फरक! जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा सांचीच्या लहान लहान लेखांच्या अखेरीस वारंवार येणारी अक्षरे 'दानं' अशी असली पाहिजेत हा तर्क त्यास उपयोगी पडला. म्हणजे उलगडलेल्या पहिल्या काही अक्षरांत 'न' होता, आणि त्याचा धागा सामान्य उपासक-उपासिकांच्या दानलेखांतून मिळाला.

'लेण' या शब्दाचे महत्त्व विशेष आहे. संस्कृत 'लयन' पासून तो आला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना राहण्यासाठी पाच प्रकारची 'लेण' अनुज्ञात केली आहेत: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. तेथे या शब्दाचा अर्थ 'आश्रयस्थान' असा व्यापक आहे. सह्याद्रीत तो डोंगर खोदून केलेल्या निवासाला लागला. नाशिक येथीलच दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याची भाषा प्राकृतमिश्रित संस्कृत आहे. डोंगराचे नावही तेथे संस्कृत वळणाने 'त्रिरश्मि' असे येते. परंतु लेण्यासाठी मात्र त्याने 'लयन' न वापरता 'लेण' हाच शब्द वापरला आहे, आणि पाण्याच्या टाकीसाठी 'पोढि' हा लोकशब्द. संस्कृत लिहू पाहणाऱ्या सत्ताधीशालाही डोंगरावरच्या माणसांचा शब्द बदलता आला नाही. पुढे गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांच्या लेखांत हाच डोंगर 'तिरण्हु' या नावाने येतो. 'श्मि' चे 'ण्हु' होण्याइतका 'ण' येथे रुळला होता.

मात्र या लेखांतही 'न' आणि 'ण' यांची वाटणी सर्वत्र एकसारखी नाही. म. अ. मेहेंदळे यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या शिलालेखीय प्राकृतांच्या ऐतिहासिक व्याकरणात अशा भेदांची प्रदेशवार आणि कालवार नोंद घेतली आहे. कोरणाऱ्यांच्या काळी एकच एक प्रमाण लेखन कोणी ठरवून दिलेले नव्हते, आणि त्यावाचून दान अपुरे राहिले नाही.

माहाराष्ट्री आणि पैशाची

यानंतरच्या काळात महाराष्ट्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माहाराष्ट्री प्राकृताने दुसरे टोक गाठले. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात या भाषेसाठी सरसकट नियम आहे, की 'न' चा सर्वत्र 'ण' होतो. हालाच्या गाथासप्तशतीचे लेखन याच वळणाचे आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने शब्दारंभीच्या 'न' ला विकल्पाने सवलत दिली. संस्कृताच्या मापाने पाहिले तर 'नगर' ला 'णअर' म्हणणारी ही माहाराष्ट्री पुरती अशुद्ध ठरते. परंतु संस्कृत नाटकांत उच्चकुलीन स्त्रियांच्या तोंडची पद्ये याच भाषेत घालण्याचा संकेत होता, आणि काव्यासाठी ती सर्वोत्तम प्राकृत गणली गेली.

त्याच व्याकरणकारांनी आणखी एका प्राकृताची नोंद केली आहे. तिच्यात नेमके उलट घडते: 'ण' चा 'न' होतो. या भाषेला त्यांनी नाव दिले 'पैशाची'. हे नाव कोणत्या लोकांवरून पडले याविषयी मतभेद आहेत; पण त्यात पिशाचांचा निर्देश आहे, आणि तो गौरवाचा नाही, हे उघड आहे. 'ण' न म्हणणाऱ्यांना हिणवण्याची ही प्रथा एवढी जुनी आहे. तथापि गुणाढ्याची बृहत्कथा, जिच्यातून कथासरित्सागरासारखे ग्रंथ उगम पावले, ती याच पैशाचीत होती असे परंपरा सांगते, आणि गुणाढ्याचा संबंध सातवाहन राजसभेशी जोडते. इतकेच नव्हे, तर तिबेटी परंपरेत स्थविरवादी निकायाची भाषा पैशाची होती असाही उल्लेख मिळतो. तो उल्लेख अक्षरशः घ्यावा असे नाही. परंतु ज्या भाषेला व्याकरणकारांनी पिशाचांचे नाव दिले, तिचे नाते धम्माच्या एका थोर परंपरेशी जोडण्यात तिबेटी आचार्यांना संकोच वाटला नाही, हे लक्षणीय आहे.

पान आणि पाणी

आता प्रमाण मराठीकडे वळू. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या जडणघडणीचा जो पायाभूत अभ्यास केला, त्यात 'ण' आणि 'न' यांच्या वाटणीचा नियम स्पष्ट झाला आहे. प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकटा असलेला अनुनासिक मराठीत 'ण' झाला, मग मूळ संस्कृतात तो 'न' असो वा 'ण'. आणि प्राकृतात जोडाक्षराने, म्हणजे द्वित्व होऊन आलेला अनुनासिक मराठीत 'न' झाला.

उदाहरणे पाहावीत. 'पानीय' चे 'पाणी', 'भगिनी' चे 'बहीण', 'खनि' चे 'खाण', 'स्थान' चे 'ठाणे'. येथे संस्कृतात 'न' होता, मराठीत 'ण' आला. हरसूलच्या परिसरातील ठाणापाडा या गावाच्या नावातला 'ण' याच वाटेने आला आहे. पालित मात्र तो शब्द 'ठान' असा 'न' नेच राहिला. उलट 'पर्ण' चे प्राकृतात 'पण्ण' आणि मराठीत 'पान'. 'कर्ण' चे 'कण्ण' आणि मग 'कान'. 'चूर्ण' चे 'चुण्ण' आणि मग 'चुना'. 'सुवर्ण' चे 'सोने'. येथे संस्कृतात आणि पालितही 'ण' होता, मराठीत 'न' आला. संस्कृताशी ताडून पाहिले तर 'पान' आणि 'पाणी' या दोन शब्दांनी आपापल्या वर्णांची अदलाबदल केली आहे असेच वाटते. 'कान' म्हणणारा प्रमाण मराठी भाषक 'ण' चा 'न' करतो; 'पानी' म्हणणारा हरसूलचा शेतकरी 'पानीय' चा 'न' तसाच ठेवतो. पहिल्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

शिवाय 'न' चा हा उच्चार हरसूलपुरता नाही. वऱ्हाडात, खानदेशात, उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर तो आहे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांच्या बोलीतील 'न' छापतानाही तसाच राखला गेला, आणि त्यामुळे त्या कवितेची थोरवी कमी झाली नाही. एकोणिसाव्या शतकात शब्दकोश, व्याकरणे आणि शालेय पुस्तके तयार होताना प्रामुख्याने पुणे परिसरातील शिक्षित वर्गाचे बोलणे प्रमाण मानले गेले. प्रमाणभाषा ही सोयीची व्यवस्था आहे. ती एका प्रदेशातील एका वर्गाच्या उच्चारावर उभी आहे एवढे ओळखले, म्हणजे तिच्या आधारे माणसाची पायरी ठरवण्याचा मोह आवरता येतो.

समुद्रापलीकडचे 'ण'

पालि जेथे जेथे गेली, तेथे तेथे 'ण' हे अक्षर गेले. ध्वनी मात्र गेला नाही. सिंहली लिपीत 'ण' आणि 'न' यांची स्वतंत्र अक्षरे आहेत, परंतु सिंहली उच्चारात दोहोंत भेद उरलेला नाही. कोठे कोणते अक्षर लिहावे हा तेथील शाळकरी मुलांच्या शुद्धलेखनातील एक कठीण भाग असतो. ब्रह्मी लिपीतही हे अक्षर आहे आणि उच्चार 'न' आहे. थाई लोक 'सामणेर' हा शब्द लिहिताना 'ण' चे अक्षर काळजीपूर्वक वापरतात आणि उच्चारताना 'न' म्हणतात. या देशांतील कोट्यवधी उपासक रोज पंचशील ग्रहण करतात, आणि त्यांच्या मुखी पहिल्या शीलातील शब्द 'पान' असाच येतो. त्यांचे शील त्यामुळे खंडित होते असे कोणी म्हणणार नाही.

या उच्चाराचा एक परिणाम पोथ्यांत दिसतो. लिहिणाऱ्याच्या कानाला दोन्ही वर्ण सारखे असल्याने हस्तलिखितांत 'ण' आणि 'न' यांचे पाठभेद झाले. 'लेण' हाच शब्द काही ठिकाणी 'लेन' असा लिहिलेला आढळतो. अशा पाठभेदांत सह्याद्रीतील शिलालेखांची साक्ष मोलाची ठरते, कारण दगडावरचे अक्षर नकलून घेताना बदललेले नाही. धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेत जाऊन पालि शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ती शिकवली. ज्यांच्या मातृभाषेत 'ण' जिवंत होता असा हा गोमंतकीय विद्वान, 'ण' न उच्चारणाऱ्या गुरूंपाशी तीच विद्या शिकून आला. नाशिक जिल्ह्यातीलच इगतपुरी येथून १९९० च्या दशकात छट्ठ संगायनाच्या पाठावर आधारलेले तिपिटक देवनागरीत छापून निघाले. ब्रह्मदेशी परंपरेने जतन केलेला 'ण' अशा रीतीने पुन्हा तो उच्चारणाऱ्या माणसांच्या लिपीत आला. पाठ ज्यांनी जपला त्यांना हा ध्वनी उच्चारता येत नव्हता, आणि ज्यांना तो येत होता त्या आपल्या भूमीत पाठ शतकानुशतके लुप्त झाला होता. यातून नम्रता शिकण्यासारखी आहे.

हरसूलच्या वर्गात काय करावे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पालि, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या पाचांपैकी असमिया आणि बंगाली यांत 'ण' केवळ लिपीत आहे. तरीही त्या अभिजातच आहेत. मग ज्या बोलींत 'ण' नाही, त्या बोलणाऱ्या मुलाला त्या एका वर्णावरून 'अशुद्ध' म्हणण्यास आधार तो कोणता राहिला?

याचा अर्थ पालि शिकवताना 'ण' आणि 'न' यांचा भेद सोडून द्यावा असा नव्हे. 'वण' आणि 'वन', 'पाण' आणि 'पान' हे भेद ग्रंथात आहेत, आणि ग्रंथ समजून घेणाऱ्यास ते ओळखता आलेच पाहिजेत. भेद शिकवावा, परंतु तो पालिचा भेद म्हणून शिकवावा. जिभेचे टोक कोठे टेकवायचे हे दाखवावे, दोन शब्दांचे अर्थ शेजारी मांडावेत, ब्राह्मीतली दोन अक्षरे फळ्यावर काढून ती एक जास्तीची रेघ दाखवावी. मराठी अक्षरओळखीत 'ण' ने आरंभ होणारा शब्द सापडत नाही म्हणून 'बाण' हा शब्द देतात. पालिच्या वर्गात त्या जागी 'लेण' द्यावा. नाशिकच्या डोंगरावर तो दोन हजार वर्षे कोरलेला आहे, आणि मुलांना तेथे नेऊन तो दाखवता येतो.

आणि घरी, शेतात, बाजारात त्या मुलाने 'पानी' म्हटले तर तो उच्चार तसाच राहू द्यावा. त्याच्या पाठीशी 'पानीय' हा पालि शब्द आहे, अशोकाच्या दरबाराची लेखनपद्धती आहे, आणि सिंहलद्वीपापासून श्यामदेशापर्यंतच्या भिक्खुसंघाचे पठण आहे. पहिले शील जीवाला जपण्यास सांगते. ते शिकवण्यासाठी समोरच्या जीवाला त्याच्या बोलीवरून दुखावण्याची आवश्यकता नाही.